द्राक्ष पॅकहाउसमधील लेबल व बारकोड छपाई : अनेक केंद्रांसाठी एकच व्यवस्था कशी उभारावी?

निर्यातीच्या द्राक्षात औषधांचे वेळापत्रक, अवशेष तपासणी, साखरेचे प्रमाण, मण्यांचा आकार यावर आपण बरेच बोलतो. या सगळ्या मेहनतीचा पुरावा म्हणून खरेदीदारासमोर शेवटी जाते ते बॉक्सवर चिकटवलेले कागदाचे लेबल. त्याकडे मात्र पॅकहाउसमधील संगणकचालकाचे काम म्हणून पाहिले जाते. एकाच पॅकहाउसमध्ये, एकाच प्रिंटरवर काम चालते तोवर हे खपून जाते. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा निर्यातदार चार-पाच पॅकहाउस आणि दहा-पंधरा प्रिंटर चालवू लागला, की लेबल छपाई ही स्वतंत्र व्यवस्था म्हणूनच उभारावी लागते. ती कशी उभारावी, आणि त्यात शेतकरी व विस्तार कार्यकर्त्यांचे काम कोणते, ते या लेखात पाहू.

लेबलवर प्लॉट का असतो?

२००३ मध्ये नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही ऑनलाइन प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि निघालेला माल असे सर्व दुवे त्यात जोडलेले असतात. युरोपीय संघाच्या १७८/२००२ या नियमातील कलम १८ नुसार प्रत्येक अन्न व्यावसायिकाला आपला माल कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला हे सांगता आले पाहिजे. हे कलम १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. २०१० मध्ये सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे पुन्हा अडकली होती. ज्यांनी तो हंगाम पाहिला, त्यांना मागोवा या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हिशेब करून पाहू. समजा एका कंटेनरमध्ये २० पॅलेट आहेत, प्रत्येक पॅलेटवर ५ किलोचे १३० बॉक्स आहेत. म्हणजे २,६०० बॉक्स, १३ टन माल. हा माल सहा शेतकऱ्यांच्या प्लॉटमधून आला आहे. तिकडे एका नमुन्यात अवशेष जास्त आढळले. लेबलवर प्लॉट आणि लॉट बरोबर असेल, तर त्या प्लॉटचे साधारण ४३० बॉक्स बाजूला काढता येतात. लेबलवर चूक असेल किंवा दोन प्लॉटवर एकच लॉट क्रमांक पडला असेल, तर खरेदीदार सगळा कंटेनर थांबवतो. उरलेल्या पाच शेतकऱ्यांचा यात काहीही दोष नसतो, पण पैसे त्यांचेही अडकतात.

बारकोडमध्ये काय भरलेले असते?

पनेटवरचा आणि बॉक्स-पॅलेटवरचा बारकोड एक नसतो. पनेटवर दुकानातील काउंटरसाठीचा १३ अंकी कोड असतो. त्यावरून फक्त वस्तू कोणती ते कळते. प्लॉट, तारीख काहीच कळत नाही. भारतातील 'जीएस१ इंडिया'कडून घेतलेल्या क्रमांकाची सुरुवात ८९० ने होते. पण ८९० म्हणजे माल भारतात पिकला असा अर्थ नाही, कंपनीने क्रमांक भारतात घेतला एवढाच अर्थ. युरोपातील साखळी दुकाने बहुधा स्वतःचा क्रमांक देतात, त्यामुळे आपल्या द्राक्षाच्या पनेटवर ८९० नसले तर घाबरू नये.

शेवटचा, तेरावा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला पडताळा अंक असतो. उजवीकडून एकाआड एक अंकाला ३ आणि १ ने गुणायचे, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जेवढे कमी पडते तो अंक लिहायचा. ८९०१२३४५६७८९ या आकड्यांची अशी बेरीज १३० येते, म्हणून पडताळा अंक ०. सॉफ्टवेअर हे आपोआप करते. मात्र कोणी हाताने क्रमांक भरताना एखादा अंक चुकवला, तर स्कॅनर तो नाकारतो तो याच अंकामुळे.

बॉक्स आणि पॅलेटवर जीएस१-१२८ प्रकारचा बारकोड असतो. यात प्रत्येक माहितीच्या आधी तिची ओळख सांगणारा छोटा क्रमांक येतो. (०१) नंतर वस्तूचा १४ अंकी क्रमांक, (१३) नंतर पॅकिंगची तारीख, (१०) नंतर लॉट क्रमांक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा अंकी लिहितात. १४ फेब्रुवारी २०२६ म्हणजे २६०२१४. लॉट क्रमांक २० अक्षरांपर्यंत कितीही लांबीचा चालतो. त्यामुळे तो मध्ये टाकला तर तो कुठे संपला हे स्कॅनरला सांगणारे वेगळे चिन्ह घालावे लागते. सोपा उपाय म्हणजे लॉट क्रमांक शेवटी ठेवणे. पॅलेटसाठी (००) नंतर १८ अंकी क्रमांक असतो. प्रत्येक पॅलेटचा क्रमांक वेगळा असतो आणि एकदा वापरलेला क्रमांक निदान एक वर्ष पुन्हा देता येत नाही.

हा १८ अंकी क्रमांक अनेक पॅकहाउसच्या कंपनीत हमखास गोंधळ घालतो. दोन केंद्रांनी आपापली मोजणी १ पासून सुरू केली, की एकाच क्रमांकाच्या दोन पॅलेट बंदरावर पोचतात. प्रत्येक केंद्राला अनुक्रमांकाचा वेगळा टप्पा आधीच ठरवून द्यावा, किंवा क्रमांक फक्त मध्यवर्ती संगणकानेच द्यावा.

प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल : सगळ्या तक्रारींचे मूळ

साधारण चित्र असे दिसते. मुख्य कार्यालयातून एका माणसाने लेबलचा नमुना तयार करून सर्वांना मोबाइलवर पाठवलेला असतो. प्रत्येक केंद्रावरील चालक तो आपल्या संगणकावर ठेवतो, गरजेप्रमाणे बदलतो आणि 'नवीन', 'नवीन फायनल', 'फायनल २' अशा नावांनी साठवतो. मध्येच खरेदीदाराने वजनाची ओळ बदलायला सांगितली, की पाचपैकी तीन केंद्रांवर बदल होतो. उरलेल्या दोन केंद्रांवर जुनाच नमुना छापला जातो आणि ते कळते थेट रॉटरडॅममध्ये.

त्यात एक्सेलची भर पडते. एक्सेल संख्येतील फक्त १५ अंक नेमके सांभाळते. १८ अंकी पॅलेट क्रमांक साध्या रकान्यात टाइप केला, की शेवटचे तीन अंक शून्य होतात. क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही गळून पडते. त्यामुळे असे रकाने आधीच 'टेक्स्ट' प्रकारचे करून मगच माहिती भरावी.

तारखेचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसतच नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची राहिली असेल, तर ३ एप्रिलला टाइप केलेले ०३/०४ बारकोडमध्ये ४ मार्च म्हणून जाते. द्राक्षाच्या हंगामात दोन्ही तारखा खऱ्या वाटतात, म्हणून कोणालाही शंका येत नाही. महिनाभर जुना माल समजून खरेदीदार भाव पाडतो तेव्हा धावपळ होते. तारीख हाताने टाइप करण्याची सोयच लेबलच्या पडद्यावर ठेवू नये. ती संगणकाच्या घड्याळातून घ्यावी आणि सर्व संगणकांची मांडणी एकसारखी करून घ्यावी.

मराठी टंकाचाही प्रश्न येतो. बारकोडच्या आत देवनागरी अंक बसत नाहीत, तिथे इंग्रजी अंकच लागतात. देशांतर्गत बाजारासाठी लेबलवर मराठी मजकूर छापायचा असेल तर युनिकोड टंक वापरावा. जुन्या पद्धतीच्या टंकात तयार केलेला मजकूर दुसऱ्या केंद्रावर तो टंक नसेल तर अगम्य अक्षरांत छापला जातो. अनेक लेबल प्रिंटरच्या स्वतःच्या टंकात जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. असा मजकूर सॉफ्टवेअरने चित्र म्हणून प्रिंटरकडे पाठवावा लागतो. 'द्राक्ष' हाच शब्द छापून पाहावा, लगेच कळते.

मध्यवर्ती सॉफ्टवेअर नेमके काय करते?

बारटेंडर, नाइसलेबल अशी या कामाची सॉफ्टवेअर बाजारात आहेत. नाव कोणतेही असो, मोठ्या संस्थेसाठी त्यात चार गोष्टी पाहाव्यात. लेबलचा नमुना एकाच ठिकाणी राहावा आणि सर्व केंद्रांनी तोच वापरावा. प्लॉट, वाण, पॅकहाउस, लॉट ही माहिती कंपनीच्या नोंदणी तक्त्यातून थेट यावी, टाइप करावी लागू नये. नमुना बदलण्याचा अधिकार एक-दोघांकडेच असावा आणि बदल गुणवत्ता अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच लागू व्हावा. कोणी, कधी, कोणत्या प्रिंटरवर, किती लेबल छापली याची नोंद आपोआप राहावी.

चालकाच्या पडद्यावर मग फक्त तीन गोष्टी उरतात : प्लॉट निवडा, माल निवडा, संख्या भरा. ज्या प्लॉटचा प्रयोगशाळा अहवाल आलेला नाही किंवा नापास आहे, तो प्लॉट यादीत दिसताच कामा नये. माझ्या मते सगळा खर्च वसूल करणारी सोय हीच. अहवाल येण्याआधी घाईने माल पॅक करण्याचा मोह हंगामात सर्वांनाच होतो आणि त्या वेळी सूचनाफलक उपयोगी पडत नाही. लेबलच छापले गेले नाही तर माल आपोआप थांबतो.

पुन्हा छपाईला कारण लिहिणे सक्तीचे करावे. रिबन तुटली, कागद अडकला अशी कारणे खरी असतात. पण छापलेली लेबल = चिकटवलेली लेबल + खराब झालेली लेबल हा हिशेब रोज संध्याकाळी जुळला पाहिजे. शिल्लक लेबल टेबलाच्या खणात राहिली, की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतकऱ्याच्या बॉक्सवर चिकटतात. ती त्याच दिवशी फाडून नष्ट करावीत.

एकच पॅकहाउस आणि एकच प्रिंटर असलेल्या लहान गटाने यासाठी मोठे सॉफ्टवेअर घेऊ नये. प्रिंटरसोबत मिळणारे साधे साधन आणि शिस्तीने ठेवलेला तक्ता त्यांना पुरतो. विक्रेता काहीही सांगो, तीन केंद्रांच्या आत हा खर्च सहसा परवडत नाही.

उभारणी कधी आणि कशी?

हंगामाच्या मध्यात हे काम काढू नये. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्यावर प्लॉटची यादी आकार घेऊ लागते, तेव्हाच तयारी सुरू करावी. पहिले काम म्हणजे सध्या वापरात असलेल्या सर्व लेबलचे नमुने एका टेबलावर मांडणे. चाळीस नमुने निघाले तर त्यातील तीस तरी एकमेकांचीच भावंडे असतात. खरेदीदाराचे नाव, वजन, भाषा या जागा बदलत्या ठेवल्या तर पाच-सहा मूळ नमुन्यांत काम भागते.

त्यानंतर एकाच केंद्रावर चाचणी घ्यावी. तीही सर्वात हुशार चालक असलेल्या केंद्रावर नव्हे. जिथे इंटरनेट सारखे जाते, विजेचा भरवसा नाही आणि चालक नवीन आहे, असे केंद्र निवडावे. तिथे जमले तर सगळीकडे जमते. नमुने मध्यवर्ती असले तरी त्यांची ताजी प्रत आणि त्या दिवसाची प्लॉट यादी केंद्रावरील संगणकात उतरलेली असावी, म्हणजे संपर्क तुटला तरी छपाई चालू राहील आणि जोडणी आल्यावर नोंदी वर जातील. विक्रेत्याला हा प्रश्न लेखी विचारावा आणि समोर इंटरनेटची वायर काढून दाखवायला सांगावे. संगणक व प्रिंटर दोन्हींना यूपीएस हवा. अर्धवट छापून बंद पडलेल्या प्रिंटरने पुढचा क्रमांक वापरला की नाही, हेच नंतर कळत नाही.

परवाना प्रिंटरच्या संख्येवर आहे की वापरणाऱ्यांच्या, हे खरेदीपूर्वी समजून घ्यावे. हंगामात भाड्याने आणलेले दोन प्रिंटर वाढले तर काय, हेही विचारावे. प्रत्येक प्रिंटरला कायमचा नेटवर्क पत्ता द्यावा आणि त्यावर केंद्राचे नाव व ओळीचा क्रमांक ठळक लिहावा. नाहीतर एका ओळीची लेबल दुसऱ्या ओळीच्या प्रिंटरवर निघतात. सर्व केंद्रांवर शक्यतो एकाच प्रकारचे प्रिंटर आणि ड्रायव्हरची एकच आवृत्ती ठेवावी. नवी व्यवस्था सुरू झाली त्याच दिवशी चालकांच्या संगणकावरील जुन्या फाइल काढून टाकाव्यात. त्या 'असू देत' म्हणून ठेवल्या तर गर्दीच्या दिवशी त्याच उघडल्या जातात.

प्रिंटर, कागद आणि शीतगृह

२०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिमी असतो. पॅलेटवरील बारकोडची सर्वात बारीक रेघ निदान ०.४९५ मिमी लागते. चार ठिपक्यांत ०.५ मिमी मिळते, म्हणजे तो प्रिंटर पुरतो. पनेटवरच्या १३ अंकी कोडची प्रमाण रेघ ०.३३ मिमी, किमान ०.२६४. इथे दोन ठिपके (०.२५) कमी पडतात आणि तीन ठिपके (०.३७५) घेतले तर कोड पनेटच्या लेबलवर मावत नाही. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर चार ठिपक्यांत सुमारे ०.३४ मिमी रेघ येते, म्हणून पनेटसाठी तोच घ्यावा. बारकोडचे चित्र माउसने ओढून लहान-मोठे करू नये. रेघा ठिपक्यांच्या मध्येच तुटतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, स्कॅनरला दिसतो. कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही राखावी. डिझाइन करणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते, पण स्कॅनरला सुरुवात आणि शेवट तिच्यावरूनच कळतो.

प्रिंटरच्या डोक्यातील एखादा ठिपका जळला की कागद सरकण्याच्या दिशेत सलग पांढरी रेघ येते. बारकोडच्या रेघा त्याच दिशेत असतील तर एखादी रेघ पूर्ण पुसली जाते आणि कोड वाचत नाही. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवल्या तर पांढरी रेघ सर्व रेघांना छेदून जाते, तरी कोड वाचला जातो. रोज सकाळी पहिले लेबल प्रकाशात धरून पाहावे आणि रिबन बदलताना डोके अल्कोहोलच्या फडक्याने पुसावे.

द्राक्षाचा बॉक्स पूर्वशीतकरणातून शून्य ते एक अंश तापमानात आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत जातो. पुढे जहाजात तीन-चार आठवडे किंवा अधिक. साधा गोंद गारठ्यात सुटतो. लेबल घेताना 'शीतगृहासाठीचा गोंद' असे स्पष्ट सांगावे आणि ते शक्यतो बॉक्स कोरडा असताना, गार खोलीत नेण्यापूर्वी चिकटवावे. थंड पुठ्ठ्यावर दव जमले की कोणताही गोंद धरत नाही. रिबनशिवाय उष्णतेने उमटणारे लेबल स्वस्त असते, पण उन्हात किंवा घासले गेल्यास काळवंडते वा फिके पडते. निर्यातीच्या बॉक्ससाठी रिबनची छपाई बरी; मेण-राळ मिश्र रिबन साध्या मेणाच्या रिबनपेक्षा ओलावा आणि घासणे जास्त सोसते. खरेदीपूर्वी पंचवीस लेबल चिकटवून बॉक्स दोन दिवस शीतगृहात ठेवावेत आणि बाहेर काढून ओल्या बोटाने घासून स्कॅन करावेत.

बागेतून येणारी क्रेट

एवढी सगळी यंत्रणा उभी केली तरी संगणकाला प्लॉट कोणता हे सांगतो तो क्रेटवरचा कागद. तो बागेत लिहिला जातो. एका शेतकऱ्याच्या नावावर दोन नोंदणीकृत प्लॉट असतात, मध्ये फक्त बांध असतो, काढणीची टोळी एकच असते आणि सकाळची घाई असते. दोन्ही प्लॉटच्या क्रेट एकाच गाडीत येतात. औषधांच्या नोंदवहीत दोन्हींचे वेळापत्रक वेगळे असेल तर ही सरमिसळ महागात पडते. पॅकहाउसमधील सॉफ्टवेअर या चुकीवर सुबक बारकोड छापून तिला पक्के करते, एवढेच.

यावर उपाय म्हणजे काढणीच्या आदल्या दिवशी पॅकहाउसने त्या प्लॉटची लेबल छापून बागेत पाठवणे. अंदाजे क्रेट संख्येइतकीच द्यावीत, उरलेली परत घ्यावीत. एका प्लॉटची काढणी पूर्ण होऊन गाडी भरल्याशिवाय दुसऱ्या प्लॉटची लेबल टोळीच्या हातात देऊ नयेत. शेतकऱ्याने नोंदणी क्रमांक स्वतः वाचून पाहावा. विस्तार कार्यकर्त्याने भेटीत औषधांची नोंदवही, नोंदणी प्रमाणपत्र आणि क्रेटवरचा क्रमांक तिन्ही शेजारी ठेवून जुळवावेत. पॅकहाउसच्या दारात क्रेट स्कॅन करून वजन घेतले, की तिथून पुढची जबाबदारी यंत्रणेची.

हंगामाच्या सुरुवातीला एकदा खोटा परतावा करून पाहावा. ग्लोबल गॅप प्रमाणपत्रासाठी वर्षातून एकदा अशी चाचणी करावीच लागते. ती कागदावर उरकण्याऐवजी खरी करावी. शीतगृहातून कोणताही एक बॉक्स उचलावा आणि घड्याळ लावावे. हा कोणत्या प्लॉटचा, कधी काढला, कोणत्या अहवालावर पास झाला, त्याच लॉटचे बाकीचे बॉक्स आता कुठे आहेत? चांगल्या व्यवस्थेत उत्तर अर्ध्या तासात मिळते. एखाद्या केंद्रावर दुपार उलटून गेली, तर तिथे माहिती अजून वहीत आहे असे समजावे.

पुढील खरेदीचा विचार

नवे प्रिंटर-स्कॅनर घेणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. २०२७ अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरवर उभ्या रेघांच्या कोडबरोबर चौकोनी क्यूआरसारखे कोडही वाचले जावेत, असे जीएस१ चे जागतिक उद्दिष्ट आहे. अशा चौकोनात वस्तूच्या क्रमांकाबरोबर लॉट आणि तारीखही बसते, म्हणजे आज बॉक्सवर असलेली माहिती उद्या पनेटवर मागितली जाऊ शकते. तसे झाले तर पनेटची लेबलही प्लॉटनुसार, पॅकिंगच्या ओळीवरच छापावी लागतील. ३०० डीपीआयचा प्रिंटर असेल तर त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. स्कॅनर मात्र कॅमेरा पद्धतीचा घ्यावा, कारण जुना लेझर स्कॅनर हे चौकोन वाचू शकत नाही.